लव्हाळ्यालाही फूल असतं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लव्हाळ्याच्या आणि बाभळीच्या फुलांची मी तुलना केली, त्यावर ‘लव्हाळा म्हणजे गवत, त्याला कुठलं फूल? बाभळीच्या पिवळ्याधमक फुलाशी त्याची तुलनाच चुकीची,’ असं तुम्ही लिहिलंय. मला हे पटत नाही. पण असा समज का होतो ते नीट सांगायला हवं.

आधी गवताचं. लव्हाळ्याचा फुलोऱ्याचा दांडा चिमटीत फिरवून पाहा : तिधारी, भरीव, मध्ये पेर नाही. गवताची काडी गोल, पेरांची आणि बहुधा पोकळ. लव्हाळ्याची पानं तीन रांगांत येतात, गवताची दोन. कुळंच निराळी.

आता फूल. बाभळीचा पिवळा गोंडा हे एक फूल नव्हेच, तो अनेक बारक्या फुलांचा फुलोरा आहे. तुलना फुलाशी फुलाचीच करायची, आणि त्याला दहापटीचं भिंग नि टाचणी पुरते. लव्हाळ्याची एक चपटी कणिशिका, म्हणजे फुलोऱ्यातलं बारकं कणीस, घ्या. ती खालून वर उमलत जाते, म्हणून मधलं तुष, म्हणजे फुलाला झाकणारं खवल्यासारखं पान, टाचणीने अलगद खाली ओढा. त्याच्या बगलेत तीन पुंकेसर, एक अंडाशय आणि तीन फाट्यांची कुक्षी (पराग टिपणारं टोक) दिसेल. पाकळ्या नाहीत, निदलंही (पाकळ्यांबाहेरची दलं) नाहीत. वाळलेली कणिशिका घेतली तर पुंकेसर गळून गेलेले असतात आणि ‘इथे फूलच नाही’ असं वाटतं. घोळ बहुतेक वेळा इथेच होतो.

बाभळीचा गोंडा मात्र पूर्ण उमललेला नको, केसरांचा गुंता होतो. थोड्या कळ्या शिल्लक असलेला उभा चिरा. प्रत्येक फुलाला पाच दातांचा निदलपुंज, जुळलेल्या पाच पाकळ्या आणि पुष्कळ पुंकेसर. आपल्याला दिसतो तो पिवळा रंग या केसरांचा.

बाभळीचं ‘अकेशिया’ हे शास्त्रीय प्रजातीनाम जुनं झालं, हेही तुम्ही म्हटलंय, ते बरोबर. २००५मध्ये व्हिएन्नात झालेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेनंतर ते ऑस्ट्रेलियन जातींकडे राहिलं, आपली बाभूळ ‘व्हॅचेलिया’त गेली. फुलाची रचना त्याने बदलत नाही.

खरा फरक परागात आहे. लव्हाळ्यात पराग घडवणाऱ्या एका मातृपेशीपासून झालेल्या चार केंद्रकांपैकी तीन नष्ट होतात, एकच पराग तयार होतो आणि बहुधा वाऱ्यावर जातो. फुलात बीजांडही (ज्याचं पुढे बी होतं) एकच, त्याला एक पराग पुरतो. बाभळीत साधारण सोळा पराग एका पुडक्यात चिकटलेले असतात. कीटकाने आणलेलं असं एकच पुडकं कुक्षीच्या इवल्याशा खळग्यात जेमतेम मावतं, आणि तेवढ्यावर शेंगेतली सगळी बीजांडं फळू शकतात.

फळही ताडून पाहायचं असेल तर शेतातला लव्हाळा घेऊ नका. तो जमिनीतल्या गाठींवर पसरतो, बी क्वचितच धरतो. त्याच कुळातली एखादी वर्षायू, म्हणजे एका वर्षात आयुष्य संपवणारी, जात घ्या.