भंगाराला भाव आहे, पंचगंगेला नाही

पॅटागोनिया या अमेरिकेतल्या कपड्यांच्या कंपनीच्या मालकाची गोष्ट परत व्हॉट्सॲपवर फिरायला लागलीय. 2022 साली इव्हॉन शुईनार्ड आणि त्याच्या घरच्यांनी अख्खी कंपनी एका ट्रस्टच्या आणि एका संस्थेच्या नावावर केली. वर्षाला अंदाजे 10 कोटी डॉलर नफा, तो पर्यावरणाच्या कामाला. त्याखाली आमच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, "असे चार उद्योजक कोल्हापूरला मिळाले तर पंचगंगा नदी दोन वर्षांत चकाचक." अंगठ्यांचा पाऊस.

शुईनार्डबद्दल मला आदर आहे. पण ती कंपनी शेअर बाजारात नव्हती, घरची होती, म्हणून त्याला ती देता आली. सगळ्या धंद्याचं गणित अशा एका माणसाच्या मोठ्या मनावर कसं मांडणार?

मी कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत मशिनिंगचं जॉबवर्क करतो. फौंड्रीतून, म्हणजे लोखंड वितळवून ओतणाऱ्या कारखान्यातून, कास्टिंग (ओतीव भाग) येतं, आम्ही टर्निंग, बोरिंग, ड्रिलिंग करून पुढं पाठवतो. आमच्या लायनीतल्या कुठल्याही शेडमध्ये जाऊन बघा. मशिनखाली पडलेला लोखंडाचा चुरा पोरं खराट्यानं कोपऱ्याकोपऱ्यातून गोळा करतात, पोत्यात भरतात, वजन करतात. भंगारवाला दारात येऊन रोख देतो. मूठभर वाया गेला तरी मालक ओरडतो. त्याच मशिनच्या टाकीत दुधासारखं पांढरं कूलंट असतं, कापताना मशिन थंड ठेवायला पाण्यात कालवलेलं तेल. दोन-तीन महिन्यांत ते नासतं. सुट्टी झाली, मशिन बंद राहिली की दुसऱ्या दिवशी शटर उघडल्या उघडल्या सडक्या अंड्याचा वास येतो. हे नासलेलं कूलंट नियमानं धोकादायक कचऱ्यात मोडतं. ते परवाना असलेल्या एजन्सीला पैसे मोजून द्यायचं असतं. बऱ्याच ठिकाणी ते रात्री बादलीनं मागच्या गटारात जातं.

शेड तीच, मालक तोच, खराटा आणि बादली धरणारा पोरगाही तोच. त्याला पर्यावरणाचं प्रेम शिकवून काय फरक पडणार? चुऱ्याला भाव आहे म्हणून तो उचलला जातो. कूलंट उचलायला पदरचे पैसे जातात आणि गटार फुकट आहे.

आता फौंड्रीत या. एक टन लोखंड वितळवायला इंडक्शन फर्नेसला (विजेच्या भट्टीला) साडेपाचशे-साडेसहाशे युनिट वीज लागते. महाराष्ट्रातले विजेचे दर काय आहेत ते इथल्या उद्योजकाला विचारा, कर्नाटकात निघून जायची भाषा उगाच नाही झाली. म्हणून फर्नेसवर झाकण टाकलं नाही तर सुपरवायझर शिव्या घालतो. मेटल तयार आहे आणि मोल्ड (साचे) तयार नाहीत असं झालं तर मिनिटामिनिटाला मीटर पळतं. पत्र्यावर सोलर बसले ते याच बिलापायी. कुणी भाषण केलं नव्हतं, कुणी शपथ घेतली नव्हती, तरी कार्बन कमी झाला. आणि हा बदल खराच आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. 'भांडवलशाहीत काहीच होऊ शकत नाही' म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन फौंड्रीचं लाईट बिल बघावं.

पण नदीचं बिल कुणाच्या टेबलावर येतं?

इथं आपल्याकडची एक गंमत आहे. भांडवलशाही म्हटलं की कोट घातलेला शेठ डोळ्यांसमोर येतो. कोल्हापूर जिल्ह्यात साखर कारखानदारी वाढली ती सहकारात. मालक कोण? तुम्ही-आम्ही, ऊस घालणारा सभासद. मग सहकारी कारखान्यांची नदी जास्त स्वच्छ असायला हवी होती, नाही का? मळीमिश्रित पाणी नदीत सुटल्याच्या बातम्या वाचताना कारखाना सहकारी की खाजगी हे ओळखता येत नाही. वार्षिक सभेत काय गाजतं, आठवा. उसाचा दर, सवलतीची साखर, वजनकाटा, कुणाची गाडी आधी सुटली. स्पेंटवॉशचं, म्हणजे डिस्टिलरीतून निघणाऱ्या घाण पाण्याचं, काय करता, हा प्रश्न मी एकाही सभेत ऐकलेला नाही. एक लिटर अल्कोहोलमागं आठ-दहा लिटर, कधी त्याहून जास्त स्पेंटवॉश निघतो. सभासद विचारणार नाही, कारण तो कागल किंवा करवीरचा आणि पाणी जातं खाली शिरोळला. मालकी बदलून भागत नाही. घाण ज्याच्या दारात पोचते तो माणूस हिशेबाच्या बाहेरच राहतो.

इचलकरंजीनं हे भोगलंय. दूषित पाण्यानं आलेली 2012 ची कावीळ विसरण्यासारखी नाही, माणसं गेली. गावाला खेटून नदी वाहते आणि प्यायचं पाणी लांबून, कृष्णेवरून आणावं लागतं. दूधगंगा नदीचं मागितलं तर सुळकूडहून पाणी आणायच्या योजनेवरून दोन्हीकडचे शेतकरी आणि शहर समोरासमोर. खाली तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच आणि केंदाळ (जलपर्णी), त्याचे फोटो दरवर्षी फेसबुकवर येतातच. (उद्योगांवर सगळं ढकलून आपण मोकळे होऊ नये. कोल्हापूर शहरातल्या जयंती नाल्याचं पाणी आपल्या-तुपल्या मोऱ्यांतूनच येतं. कसबा बावड्याला सांडपाणी शुद्ध करायचा 76 एमएलडीचा (दिवसाला 7.6 कोटी लिटर) प्रकल्प झाला तरी नाले नदीत मिसळायचे पूर्ण थांबलेले नाहीत.)

मग उद्योग बदलतात कधी? मला वाटतं दोनच वेळा. कचऱ्यालाच गिऱ्हाईक मिळतं तेव्हा, किंवा घाण फेकणं साफ करण्यापेक्षा महाग पडतं तेव्हा.

बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, एके काळी कारखान्याच्या आवारात ढिगानं पडायचं, कधी पेटायचं. बगॅस जाळून वीज करायची सहवीज आली, वीज विकत घ्यायचा करार झाला आणि बगॅस सोन्याच्या भावानं जपायला लागले. इथेनॉलचंही तसंच. पेट्रोलमध्ये 20 टक्के मिसळायचं उद्दिष्ट 2030 चं होतं, ते 2025 वर आणलं, दर सरकारनं ठरवले, तेल कंपन्यांनी खरेदीची हमी दिली. मग डिस्टिलऱ्यांची रांग लागली. त्याच सरकारनं डिसेंबर 2023 ला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातलं, तर एका आठवड्यात सगळ्यांचे चेहरे पडले. याला बाजारानं घडवलेली हरितक्रांती म्हणणाऱ्यांचं मला हसू येतं. बाजार सरकारनं मांडून दिला होता. आणि ऊस किती पाणी पितो हा हिशेब त्यातही कुणी धरलेला नाही.

दुसऱ्या प्रकाराचं सगळ्यात मोठं उदाहरण ओझोनचं. फ्रिजमधल्या सीएफसी वायूंची सगळ्यात मोठी उत्पादक अमेरिकेची ड्युपाँट कंपनी. हे वायू ओझोनचा थर खातात असं सत्तरच्या दशकात शास्त्रज्ञ सांगत होते तेव्हा कंपनीनं बंदीला विरोध केला. 1985 ला अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र जगासमोर आलं, 1987 ला हे वायू कमी करायचा मॉन्ट्रियल करार झाला, आणि 1988 ला हीच कंपनी म्हणाली की आम्ही उत्पादन बंद करत जाणार. पर्यायी वायू तिच्याचकडे तयार होत होता! करारानं जुना माल मारला आणि नव्याला बाजार दिला. धंदेवाला खलनायक नाही आणि संतही नाही, रस्ता जिकडं उतरता आहे तिकडं तो धावतो. रस्त्याचा उतार ठरवणं त्याच्या हातात द्यायचं नसतं, एवढंच.

आपल्याकडं उतार उलटा चाललाय. 2024 च्या दुरुस्तीनं जलप्रदूषण कायद्यातल्या बऱ्याच गुन्ह्यांची कैद काढून दंड ठेवला, 10 हजार ते 15 लाख. ज्या राज्यांनी ती स्वीकारली तिथं लागू. छोट्या शेडवाल्याला 15 लाख म्हणजे दुकान बंद. मोठ्या कारखान्याला तो एका हंगामाचा किरकोळ खर्च.

मोठ्या कंपन्या यातून मार्ग काढतील असं म्हणाल तर माझ्याकडची गंमत ऐका. शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीनं मोठ्या लिस्टेड कंपन्यांना पर्यावरणाचा अहवाल सक्तीचा केला. त्यामुळं आता आमच्यासारख्यांकडं गिऱ्हाइकाच्या ऑफिसातून एक्सेलची फाईल येते: वीज किती, पाणी किती, कचरा कुठं देता, कार्बनचा आकडा काय. भरून पाठवा, नाहीतर व्हेंडर (पुरवठादार) म्हणून रेटिंग कमी. भरली. महिन्याभरात त्याच कंपनीच्या परचेसमधून दुसरा मेल: पुढच्या वर्षासाठी दर तीन टक्के कमी करा. फोन करून विचारलं, "साहेब, कूलंट नेणाऱ्या एजन्सीचा खर्च कुठून काढू?" तर म्हणाले, "ते सस्टेनेबिलिटीचं डिपार्टमेंट वेगळं हो." कूलंट गटारात जाण्याची सुरुवात कुठल्या एसी ऑफिसात होते ते यावरून समजा.

म्हणून मला उद्योजकांकडून मोठेपणा नको आहे. साखर, डिस्टिलरी, कागद असल्या 17 प्रकारच्या उद्योगांना सांडपाण्याची ऑनलाइन मोजणी करणारी यंत्रं लावायला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2014 लाच सांगितलंय. तो आकडा खालच्या गावाच्या ग्रामपंचायतीसमोर मोठ्या पाटीवर चालू ठेवा. वजनकाट्यावर जसा शेतकरी डोळा ठेवतो तसा ठेवेल. ऊसदरासाठी जयसिंगपूरला जेवढी माणसं जमतात त्यांच्या पाव माणसं त्या पाटीखाली उभी राहिली तरी पुरे. आणि दंड उलाढालीच्या टक्क्यात लावा.

छोट्यांसाठी वेगळं करावं लागेल. एकट्या शेडचं दीडशे-दोनशे लिटर कूलंट न्यायला एजन्सीची गाडी परवडत नाही, हे खरं आहे. आमच्या लायनीत एक सामाईक टाकी करून महिन्यातून एकदा गाडी बोलवायचं बोलणं चाललंय. जागा कुणाच्या शेडमागं द्यायची यावर अडलंय, कारण वास कुणालाच नको. गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत कुणी असं केलं असेल तर लिटरमागं काय दर पडतो ते कमेंटमध्ये टाका.