कुंकू काळं दिसतं तेव्हा

परवाच्या लग्नातला एक फोटो उघडून बराच वेळ बघत बसलो. नवरी सुरेख, मुंडावळ्या सरळ, मामा मागे उभे, आणि कपाळावरचं कुंकू चक्क काळं! कॅमेऱ्याला दोष देता येत नाही, कारण तिथे डोळ्यांनाही तसंच दिसत होतं. पुढच्या रांगेतल्या एक आजी शेजारणीला म्हणाल्याही, "काय बाई हा उजेड! पोर आजारातून उठल्यासारखी दिसतेय."

झालं होतं असं, की ऐन मुहूर्ताला स्टेजवरचे सगळे 'पार' लाइट, म्हणजे रंग बदलणारे झोतदिवे, निळ्यावर होते. कुंकू लाल दिसायचं तर त्याच्यावर लाल उजेड पडायला हवा; तो पडलाच नाही तर कुंकू डोळ्यांपर्यंत पाठवणार काय? पिवळी अष्टपुत्री मळकट झाली, हिरवा चुडाही काळपट. आपलं अख्खं लग्न ज्या तीन रंगांवर उभं, नेमके तेच गायब. आणि काळा रंग मंडपात नको म्हणून आपण आहेराच्या साड्यासुद्धा निवडून घेतो!

अठरा वर्षं लग्नांचे फोटो काढतोय. हल्ली डेकोरेटर ऐकवतात, निळ्याने शांत वाटतं, जांभळ्याने रॉयल वाटतं. मला हे फारसं पटत नाही. १९७९ मध्ये सिएटलच्या नौदलाच्या तुरुंगात एक कोठडी गुलाबी रंगवली, कैदी निवळले म्हणून केवढा गाजावाजा झाला. पुढे काटेकोर प्रयोग झाले तेव्हा तो परिणाम काही हाती लागला नाही.

रंगाने माणसावर काहीच होत नाही, असं मी म्हणत नाही. पण लग्नाला आलेला माणूस पडदे बघायला येत नाही, तोंडं बघायला येतो. "किती वर्षांनी भेटतोयस!" म्हणून जवळ घ्यावं आणि समोरच्याचे ओठ जांभळे दिसावेत, म्हणजे पहिला प्रश्न तब्येतीचाच निघतो. जेवणाच्या हॉलची तर गोष्टच सोडा. निळ्या झोतात वरण करडं दिसतं. त्या दिवशी लोक मठ्ठा पिऊन उठत होते.

निळ्याशी माझं वैर नाही. मागच्या पडद्यावर, छतावर, जोडप्याच्या एंट्रीला खुशाल मारा. चेहऱ्यावर मात्र ३००० केल्विनच्या (हे उजेडाच्या रंगछटेचं माप) आसपासचा पिवळसर पांढरा, म्हणजे वॉर्म व्हाइट, दिवा हवा. नुसत्या लाल-हिरव्या-निळ्या पारमधून पांढरा काढायला गेलात तर कातडी मेणासारखी दिसते, हे स्वतः भोगलंय.

आता मी हॉलवर पोचलो की आधी लाइटवाल्या पोराला गाठतो. चहा पाजतो. गेल्या आठवड्यातल्या पोराने अंतरपाट धरायच्या आधी दोन वॉर्म व्हाइट लावले, वर विचारलं, "दादा, सप्तपदीला जांभळा मारू का?"

त्याला दुसरा चहा पाजला.