ब्लाउजपीसचं गोत्र

परवाच्या हळदीकुंकवात माझं हस्ताक्षर वळणदार आहे, असं अकरा बायका एकाच वेळी म्हणाल्या. त्यानंतर मी साखर आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले आणि दोन मिनिटं फ्रिजकडे तोंड करून उभी राहिले.

यंदा वाण घरीच करायचं ठरवलं होतं. आमच्याकडे चहाच्या सात गाळण्या आणि झाकण न बसणारे अकरा डबे आहेत, सगळे वाणात आलेले. म्हणून मी हाताने शिवलेले बटवे आणि त्यात घरचा काटेरी हलवा द्यायचं काढलं. संक्रांत १४ जानेवारीला, रथसप्तमी २५ला. म्हणजे हातात जेमतेम अकरा दिवस, त्यात माझ्या शिकवण्या.

हलव्याबद्दल फार बोलत नाही, बोटं अजून दुखतात. परातीत भाजलेले तीळ, खाली मंद आच, वरून एकतारी पाक चमचाचमचा सोडायचा आणि हाताने हलवत राहायचं. पहिल्या पहाटे आच मोठी झाली आणि तिळांचा लाडू झाला. दुसऱ्या पहाटे आभाळ आलं. हलव्याला कोरडी थंडी लागते, नाहीतर काटा धरत नाही. तिसऱ्या पहाटे पाच वाजता, स्वेटर घालून, पंखा बंद, खिडकी उघडी ठेवून बसले तेव्हा कुठे दाण्यांना काटा दिसायला लागला. त्या दिवशी अख्खं जळगाव कुणाच्या ना कुणाच्या शेतात भरीत पार्टीला गेलं होतं. आमचे हेसुद्धा. रात्री आले ते अंगाला भाजलेल्या वांग्यांचा धूर घेऊन. परात बघून म्हणाले, "हा बाजारात मिळतो ना?"

कापडाचा प्रश्न नव्हता. कपाटाच्या खालच्या कप्प्यात ब्लाउजपीसचा ढीग होता.

आता ब्लाउजपीस ही काय चीज आहे ते आमच्या भागातल्या बाईला सांगायला नको. लोक लांबून जळगावला सोनं घ्यायला येतात, सुभाष चौकात गर्दी करतात, पण आमचं खरं चलन हे आहे. सोन्याचा भाव रोज हलतो. ब्लाउजपीसचा हलत नाही, कारण तो कुणी शिवतच नाही. साडीला तिचा स्वतःचा पीस जोडून येतो. सुटा पीस ओटीत येतो, कपाटात झोपतो आणि पुढच्या ओटीत जातो. सत्यनारायण, डोहाळजेवण, घरभरणी, सगळीकडे तोच फिरतो. त्यातही खानदेशात काळ्या जमिनीत एवढा कापूस पिकतो, आणि ओटीत पडतं ते पॉलिस्टर. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तिथे ते अंगाला लावणार कोण? पण हे कुणी बोलून दाखवत नाही. मीही चाळीस वर्षांत पहिल्यांदा बोलतेय, आणि तेही चिडल्यामुळे.

तर, एका पिसात आठ बटवे बसतात. पाच पिसांत चाळीस. आईचं पायमशीन काढलं, तेल घातलं, दुहेरी टीप मारली, वर नेफा, नेफ्यात सेफ्टी पिन लावून नाडी ओवली. बॉबिनचा दोरा खालून गुंतायचा तेव्हा मी कुणाला काय काय म्हणाले ते मशीनला माहीत.

शुक्रवारी बायका जमल्या. समोरच्या मावशी, माहेर यावलकडचं, नेहमीप्रमाणे पंख्याखालच्या खुर्चीत. थंडीतसुद्धा त्यांना तीच लागते. त्यांनी बटवा घेतला, तळहातावर तोलला, नाडी ओढून बघितली, आणि सासूने सुनेची पोळी उलटून बघावी तसा तो उलटा केला. हलवा मांडीत सांडला, त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्या शिवण बघत होत्या. मग त्यांनी चष्मा खाली ओढला.

"वं माय," मावशी म्हणाल्या, "याच्यावर तं नाव लिवलं हाये."

इथे मला कबूल केलं पाहिजे. दिलेला पीस दिला तिलाच परत जाऊ नये म्हणून मी प्रत्येक पिसाच्या कोपऱ्यात, आतल्या बाजूने, बॉलपेनने देणारीचं नाव लिहून ठेवते. सगळ्याच लिहितात. कापताना ते कोपरे माझ्या डोक्यातून साफ निसटले.

मावशींनी मोठ्याने वाचलं, "धुळ्याच्या काकू."

धुळ्याच्या काकू सोफ्यावर होत्या. त्या उठून आल्या, बटवा हातात घेतला, जांभळ्यावरची गुलाबी कोयरी बघितली. "हाऊ ते मना पीस शे!" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, हरवलेली बकरी सापडल्याचा आनंद होता.

"तुमचा कसा?" मावशी म्हणाल्या. "हा तं म्या तुमच्या वास्तूले दिला व्हता. मले माझ्या बहिनीनं दिला व्हता, फैजपूरच्या. तिले तिच्या नंदेनं."

"नही वं माय. मी फुले मार्केटमधून आणेल शे."

"कोनत्या दुकानातून?"

काकू गप्प झाल्या.

मग जे सुरू झालं त्याला मी हळदीकुंकू म्हणणार नाही. सगळ्यांनी आपापले बटवे उलटे केले. चाळीसपैकी पाचांवर नावं होती, आणि दैव असं की पाचही त्याच खोलीत निघाली. सतरंजीवर हलवा पसरला. तीन पहाटांचा माझा काटा बायकांच्या पावलांखाली करकरत होता आणि कुणी म्हणत होतं, "अगं, मोरपंखी माझा!" एकीच्या हाती तिच्याच जावेचं नाव आलं. ती ते दोनदा वाचून हसली, आणि त्या हसण्याचं पुढे त्यांच्या घरी काय होईल ते मला बघायचं नाही. अक्षर छान आहे, हे याच वेळी सगळ्या एकदम म्हणाल्या.

शिवण कशी आहे, हे कुणीही म्हणालं नाही. दुहेरी टीप होती. नेफ्याच्या टोकांना उलटसुलट टाके घेतले होते.

निघताना मावशी उंबऱ्यात थांबल्या. "चांगलं केलं माय तू. पीस मार्गी लागले." मग खालच्या आवाजात, "माझ्या सुनेलेबी पंचवीस करून दे. रथसप्तमीच्या आत. तू तं घरीच असते."

मी घरीच असते. दुपारी तीन ते रात्री आठ सोळा मुलांना गणित शिकवते, पण ती मुलं माझ्या घरी येतात, मी त्यांच्याकडे जात नाही, म्हणजे मी घरीच असते. तोच बटवा बाजारात एखाद्या टेलरला शिवायला सांगितला तर मावशी आधी भाव विचारतील, मग घासाघीस करतील, पण शेवटी पैसे देतील. माझ्याकडे भाव विचारायची पद्धत नाही. मी "हो" म्हणाले. का म्हणाले, ते परवापासून शोधतेय.

आज सकाळी त्यांचा नातू पिशवी देऊन गेला. आत चार पीस, एक नाडीचं बंडल, आणि निरोप: नेफा थोडा रुंद कर, नावं कापून टाक, आणि हलव्याचं राहू दे, तो आम्ही विकतचाच घेऊ, त्याले काटा चांगला असते.