भरू का राहू देऊ?

माझा भाचा पुण्यात नोकरी करतो. पोरगा गुणाचा आहे, दिवाळीला आला की आजीचे पाय दाबून देतो. पण मोबाईलवर आलेलं काहीही न वाचता पुढे ढकलायची त्याला खोड. परवा घरच्या ग्रुपवर त्यानं एक मजकूर टाकला. तुमच्याकडेही आला असेल. कर्जमाफीचं नाव निघालं की दरवेळी तोच नवा सदरा घालून फिरतो. थोडक्यात असा:

"आम्ही पगारदार टॅक्स भरतो, शेतकरी एक रुपया भरत नाही. आम्ही हप्ते वेळेवर भरतो, तो कर्ज बुडवतो, कारण माफी येणार हे त्याला माहीत असतं. कर्जाचा पैसा लग्नात आणि दारूत जातो. आपण अंथरूण पाहून पाय पसरतो, सरकार मात्र आमच्या पैशातून फुकट वाटत सुटलं, म्हणून राज्य कर्जबाजारी झालं. पटलं तर पुढे पाठवा."

मी एकतीस वर्षं सेवा सहकारी सोसायटीचा, म्हणजे गावाला पीककर्ज देणाऱ्या संस्थेचा, गटसचिव होतो. वर्धा नदीच्या अलीकडची चार गावं माझ्याकडे होती. कुणी किती उचललं, कुणी थकवलं आणि थकवलं त्या साली त्याच्या वावरात काय पिकलं, हे माझ्या हातानं वहीत उतरलेलं आहे. म्हणून उत्तर देतो. सगळंच खोडून काढायचं असंही नाही, काही गोष्टी त्यात खऱ्या आहेत.

"एक रुपया भरत नाही" ही मात्र नाही. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, कायद्यातच तशी सूट आहे. तिच्या आडून दुसऱ्या धंद्याचा पैसा पांढरा करणारे बडे लोक आहेत, त्यांना खुशाल धरा. पण सहा एकर कोरडवाहूवाल्याला प्राप्तिकर लावला तरी निघणार काय? फेब्रुवारी २०२५ च्या बजेटनंतर १२ लाखांपर्यंत कमावणाऱ्या पगारदारालाही नव्या पद्धतीत प्राप्तिकर पडत नाही. भाच्याचा पगार मला माहीत आहे. आता तोही "न भरणाऱ्यां"त आला, त्याला कुणी अजून सांगितलेलं दिसत नाही.

बाकीचा कर कास्तकार दुकानात भरतो. फवारणीच्या औषधावर १८ टक्के जीएसटी आहे. ३५४० रुपयांचं बिल झालं तर त्यातले ५४० सरकारचे. कृषी केंद्रवाला स्वतः भरलेला कर पुढच्या हिशेबात वळता करून घेतो. कास्तकाराच्या कापसाला-सोयाबीनला पुढे असा हिशेबच नाही, त्यामुळे ते ५४० त्याच्याच बोडक्यावर बसतात. डिझेलवर केंद्राचा वेगळा, राज्याचा वेगळा. उलट बाजूही सांगतो: १३५० च्या डीएपीच्या बॅगेत कर साठ-पासष्ट रुपये, आणि सरकारचं अनुदान त्याच्या कितीतरी पट. ते नाकारण्यात अर्थ नाही. फक्त "एक रुपया"ची भाषा सोडा.

आता कर्ज बुडवण्याचं. इथं मला जरा बसून बोलावं लागेल.

मार्चअखेर आमच्याकडे एक खेळ चालतो, त्याला म्हणतात नवं-जुनं. तूर निघालेली असते, पण भाव नसतो. कापसाचा चुकारा कृषी केंद्राच्या उधारीत आणि वेचणीच्या मजुरीत गेलेला असतो. सोसायटीचे ८० हजार तर ३१ तारखेच्या आत भरायचे. मग कास्तकार गावातल्या एखाद्या पैसेवाल्याकडून आठ दिवसांसाठी ८० हजार उचलतो, शेकडा दोन-तीन रुपयांनी. ते सोसायटीत भरतो, पावती घेतो, नव्या कर्जाचे कागद करतो. नवं कर्ज मिळालं की पैसेवाल्याचे परत. कागदावर माणूस शंभर टक्के नियमित. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत वेळेवर भरणाऱ्याला तीन लाखांपर्यंत व्याज शून्य टक्के पडतं. ते शून्य मिळवायला त्यानं आठ दिवसांचं व्याज बाहेर मोजलेलं असतं. बँकेनं कर्ज मंजूर करायला महिना लावला तर आठ दिवसांचे चाळीस होतात. ही शिस्त मी एकतीस वर्षं पाहिली, तिच्या पावत्यांवर सह्याही केल्या. बुडवायचंच असतं तर एवढा आटापिटा कोण करतं?

पण "माफी येणार म्हणून थकवतात" हे पूर्ण खोटंही नाही. थकवतात. कसे शिकले, ते सांगतो.

जानेवारी २००८. वसुलीचा तगादा वरून होता. माझ्याकडे एक चार एकरवाला होता, २००६ च्या हंगामातले २२ हजार त्याच्याकडे थकलेले. मीच त्याच्या ओट्यावर बसून म्हणालो, "भरून टाका, पुढचं कर्ज अडणार नाही." त्यानं जोडीतला एक बैल विकला आणि भरले. महिन्याभरानं, २९ फेब्रुवारीला, केंद्राच्या बजेटमध्ये कर्जमाफी जाहीर झाली. अट अशी: मार्च २००७ पर्यंत घेतलेलं, डिसेंबर २००७ अखेर थकलेलं आणि २९ फेब्रुवारीपर्यंतही न भरलेलं कर्ज. पाच एकरांच्या आतल्याला पूर्ण माफ. म्हणजे तो नुसता बसून राहिला असता तर २२ हजारही सुटले असते आणि बैलही राहिला असता. शेजारच्याचे सुटले. पुढच्या मार्चला तो सोसायटीत आला आणि मला विचारलं, "सचिवसाहेब, औंदा भरू का राहू देऊ?" मी वही चाळत राहिलो.

त्या माफीत आणखी एक मेख होती. पाच एकरांची रेघ ओलिताच्या मुलखाला ठीक. आमच्याकडे सात-आठ एकर कोरडवाहू असलेला माणूस गरीबच असतो, पण रेघेच्या बाहेर. त्याला सूट पंचवीस टक्के किंवा २० हजार, यातली जी मोठी ती, आणि तीही उरलेलं सगळं भरल्यावर. दोन वर्षांपूर्वी, २००६ मध्ये, पंतप्रधान इथल्या आत्महत्यांमुळेच विदर्भात येऊन ३७५० कोटींचं पॅकेज देऊन गेले होते. त्याच विदर्भातला कोरडवाहू कास्तकार या योजनेत "मोठा शेतकरी" ठरला.

मग २०१७ ची दीड लाखापर्यंतची, मग २०१९ ची दोन लाखांपर्यंतची. दोन्हींत थकलेला तो पात्र. नियमित भरणाऱ्यासाठी पहिलीत जास्तीत जास्त २५ हजार, दुसरीत ५० हजारांपर्यंतचं प्रोत्साहन, आणि ते ५० हजार खात्यावर येऊ लागले २०२२ मध्ये. पोराला परीक्षेत नापास झाल्यावर सायकल आणि पास झाल्यावर पेन दिला, तर तो पोरगा काय शिकेल?

हे होण्यासारखंच आहे, याला इलाज नाही, असं कुणी म्हणेल. तर इलाज होता, आणि सरकारला तो येतही होता. २०२० च्या टाळेबंदीत मार्च ते ऑगस्ट कर्जाचे हप्ते थांबवायची मुभा मिळाली. त्या सहा महिन्यांच्या व्याजावर चढलेलं व्याज केंद्रानं स्वतः भरलं, दोन कोटींपर्यंतच्या कर्जांचं. घर, गाडी, टीव्ही-फ्रीज, क्रेडिट कार्ड, सगळं त्यात. आणि गंमत पाहा, ज्यांनी हप्ते थांबवले नाहीत, वेळेवर भरत राहिले, त्यांच्या खात्यावरही ती रक्कम जमा झाली. नियमित माणसाला शिक्षा होऊ नये ही काळजी तिथं बरोबर घेतली गेली. पीककर्ज आणि ट्रॅक्टरचं कर्ज मात्र योजनेतून वगळलं. भाच्यानं पुण्यातला फ्लॅट २०१८ मध्ये घेतला. नोव्हेंबर २०२० चं त्याचं पासबुक मी पाहिलेलं नाही, पण त्यानं एकदा पाहावं. रक्कम फार नसेल. पण तेव्हा ग्रुपवर "फुकट" हा शब्द आल्याचं मला आठवत नाही.

मोठ्या उद्योगांची थकबाकी हा या वादातला नेहमीचा टोला. बँकांनी २०१४-१५ पासूनच्या दहा वर्षांत १६ लाख कोटींहून जास्त कर्ज निर्लेखित (राइट-ऑफ) केलं, हे संसदेत सांगितलं गेलं. पण निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालू राहते. आमचे पुढारी भाषणात हे दोन्ही एक करतात, ते चूक. फरक एवढाच सांगतो: तिथं बँक मुकाट्यानं ताळेबंदातून नाव काढते. इथं सातबाऱ्यावर बोजा चढतो आणि पोरीला पाहायला आलेल्यांनाही तो दिसतो.

लग्न आणि दारू. दारूबद्दल मी कुणाची बाजू घेणार नाही. लग्नात उधळपट्टी होते, खरं आहे, कर्ज काढून मांडव घालणारे माझ्या नात्यातच आहेत. पण घरातलं लग्न पंधरा-वीस वर्षांत एखादं. पीककर्ज दरवर्षी लागतं, आणि खत-बियाणं-फवारणी-निंदणातच संपतं. लग्न सोसायटीच्या पैशावर होत नाही, ते वावराचा तुकडा विकून किंवा सावकाराकडून होतं. माझ्या वहीत ज्या साली थकबाकी एकदम वर गेली ती सालं लग्नसराईची नाहीत. २०१७ घ्या, त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली.

आता सरकार आणि अंथरूण. २०२५-२६ च्या बजेटात राज्यावरचं कर्ज नऊ लाख कोटींच्या वर दाखवलं होतं. आकडा ऐकून छाती दडपते, पण राज्यातल्या सगळ्यांच्या मिळून वर्षाच्या उत्पन्नाशी (सरकारच्या जमेशी नव्हे) ताडून पाहिलं तर ते साधारण १९ टक्के भरत होतं. घराशी तुलना करायचीच तर घर कशासाठी कर्ज काढतं ते पाहा. विहिरीसाठी काढलेलं कर्ज वेगळं आणि बारशासाठी काढलेलं वेगळं. आमच्या विदर्भातली विहीर म्हणजे वैनगंगेवरचं गोसीखुर्द धरण. १९८३ मध्ये मंजुरी ३७२ कोटींची. १९८८ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्प. खर्चाचा अंदाज १८ हजार कोटींच्या पार, आणि कालव्यांची कामं चालूच. गावातल्या एखाद्यानं अशी विहीर खणली असती तर बायकोनं त्याला घरात घेतलं नसतं. सरकारच्या बेजबाबदारीवर बोलायचं तर इथून सुरुवात करा ना. फॉरवर्डमध्ये यावर एक ओळ नाही.

लाडक्या बहिणीवर मात्र मूळ मजकुरात चार ओळी आहेत, आणि तिथं मी अर्धा फॉरवर्डच्या बाजूचा आहे. महिन्याला दीड हजार, २०२५-२६ मध्ये ३६ हजार कोटींची तरतूद. जुलै २०२४ पासून, म्हणजे निवडणुकीच्या चार महिने आधीपासून, छाननीचं नंतर पाहू म्हणून नावं घेतली. निवडणूक झाल्यावर गाळणी लागली, तेव्हा सरकारी नोकरीतल्या बायकांचीही नावं निघाली. ही उधळपट्टी आहे, आणि ती मुंबईत बसलेल्यांची आहे. पण ते दीड हजार आमच्या गावात कुठं जातात? बचत गटाचा हप्ता, किराणा, पोराच्या वह्या. ज्या बाईला वेचणीचे किलोमागे दहा रुपये मिळतात, तिनं दीड हजारासाठी दीडशे किलो कापूस वेचलेला असतो. तिला फुकटी म्हणण्याआधी एक दिवस पऱ्हाटीत वाकून पाहा, कंबर उत्तर देईल.

शिवाय सरकार नुसतं देतं, घेत नाही, हाही भ्रम. जूनमध्ये कापूस पेरला तेव्हा परदेशी कापसावर ११ टक्के आयात शुल्क होतं. १९ ऑगस्ट २०२५ ला केंद्रानं ते काढलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवलं, म्हणजे आमची वेचणी सुरू होऊन बाजार भरेपर्यंत. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८११० होता, आणि खेडा खरेदीवाला काटा घेऊन दारात आला तो बराच खाली मागत होता. सरकारी खरेदीत १२ टक्क्यांच्या वर ओल निघाली की गाडी परत, आणि ऑक्टोबरच्या पावसानं ओल सगळ्यांच्याच कापसात. सूतगिरणीला कापूस स्वस्त मिळाला याचं मला वाईट वाटत नाही. पण तो स्वस्ताईचा पैसा कुणाच्या खिशातून गेला हे कुठल्याही बजेटात लिहिलेलं नाही, आणि जे लिहिलेलं नाही त्याचा फॉरवर्ड होत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरच्या आंदोलनानंतर मुख्यमंत्र्यांनी सांगितलं, कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ पर्यंत करू. पुन्हा तारीख. मध्ये २०२६ ची मार्चअखेर. मी आता निवृत्त आहे, पण लोक जुन्या सवयीनं घरी येतात. त्या घोषणेनंतर एक तिशीतला पोरगा आला. एक लाख दहा हजार उचललेले, तूर अजून वावरात उभी. विचारलं तेच, भरू का राहू देऊ. मी त्याला दोन्ही बाजू मांडून दाखवल्या. भरले तर व्याज शून्य आणि सिबिल साफ, नाही भरले आणि माफी आली तर एक लाख दहा हजार सुटतील, नाही आली तर नवं कर्ज अडेल. शेवटी म्हणालो, "माझं ऐकशील तर भर."

पोरगा थोडा वेळ चपलेच्या अंगठ्याशी खेळत राहिला. मग उठला आणि म्हणाला, "माह्या बापालेबी तुमी हेच सांगतलं होतं."