जागरूक ग्राहक व्हा, पण बेतानं

मूल्यं जपून खरेदी करायचं ठरवलंत, अभिनंदन! सुरुवात पिशवीपासून करा. तांदूळ कुठून आला ते कोणी विचारत नाही, पिशवी मात्र चारचौघांत दिसते. प्रदर्शनातली एक, संमेलनातली एक, मुदत ठेवीवर बँकेने दिलेली एक, अशा जमवत राहा. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये याचा हिशेब मांडला होता. दुकानातल्या साध्या प्लास्टिकच्या पिशवीशी बरोबरी करायला साधी सुती पिशवी हवामानापुरती ५२ वेळा वापरावी लागते, आणि पर्यावरणावरचे सगळे परिणाम धरले तर ७,१०० वेळा. सेंद्रिय कापसाची असेल तर २०,००० वेळा. दर आठवड्याला एकदा बाजाराला नेलीत तर ५२ चा आकडा वर्षात गाठाल. सेंद्रियवालीला पावणेचारशेच्या वर वर्षं लागतील, तेव्हा ती मृत्युपत्रात घाला. जुन्या चादरीची घरी शिवलेली पिशवी या हिशेबातून सुटते खरी, पण तिच्यावर झाडाचं चित्र नसतं. त्यामुळे ती बाद.

मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर दुकानदार जी कापडासारखी पिशवी देऊ लागले, तिचा कोपरा चुकूनही काडीने पेटवून बघू नका. सूत जळून भुरभुरीत राख होतं, ही वितळून तिचा टणक मणी होतो. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकच. उगाच मन खट्टू होईल.

आता गूळ. साखर सोडून गुळावर आला असालच, नसलात तर आजच या. कोणी कारण विचारलं तर साखर पांढरी करायला गंधकाचा धूर वापरतात, एवढं सांगा. सगळे मान डोलावतील. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल, नवरा-बायको मिळून धरलेला एक ‘कोयता’ (म्हणजे दोघांत एकच मजुरी), एक दिवस पडून राहिलं तर कापला जाणारा खाडा, बीडच्या ऊसतोड बायकांच्या काढून टाकलेल्या गर्भपिशव्या (२०१९ मध्ये यावर बराच गाजावाजा झाला होता) हे विषय जेवताना काढू नयेत. शिवाय त्यात शरीराला अपायकारक असं काही नाही. तुमच्या शरीराला.

गूळ काळपट बघून घ्या. वर्षानुवर्षं आपल्याला पिवळाधमक गूळ हवा होता, सौद्यात त्याच ढेपेला भाव मिळायचा, म्हणून गुऱ्हाळात काहिलीतल्या रसाला हायड्रॉस या रसायनाची पूड मारायला लागले. रंग उजळतो, पण टिकत नाही. काही महिन्यांत ढेप पुन्हा काळवंडते आणि ओल धरते. आता आपल्याला काळा हवा झाला, तर काळाही मिळतो. रस जास्त कढला की गूळ काळा, तोडलेला ऊस दोन दिवस पडून राहिला तरी काळा. मळी काढायला भेंडीचा चीक वापरला की आणखी काही, हे गुळव्याला विचारता येतं, पण त्यासाठी गुऱ्हाळावर जावं लागतं आणि तिथे पार्किंग नसतं. त्यापेक्षा पाकिटावरचे ‘नैसर्गिक’, ‘पारंपरिक’, ‘केमिकल-फ्री’ हे शब्द वाचा. यांतल्या एकालाही सेंद्रिय प्रमाणपत्र लागत नाही. सेंद्रिय प्रमाणपत्राचं चिन्ह शोधायच्या फंदात पडू नका. शोधलंच आणि ‘पीजीएस-ग्रीन’ (शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांना दिलेलं प्रमाणपत्र) दिसलं, तर त्याचा अर्थ शेत अजून सेंद्रिय होण्याच्या वाटेवर आहे. ग्रीन म्हणजे हिरवं, आपल्याला तेवढं पुरे. आणि हे सगळं प्रमाणपत्र खत-फवारणीचं असतं. फडात वाकलेल्या बाईला हजेरी किती मिळाली, हा रकाना चिन्हात मावत नाही.

पैठणी घेणार असाल तर ‘हातमागाला पाठिंबा’ म्हणून घ्या आणि ‘सेमी पैठणी’, म्हणजे बहुतेक यंत्रमागावरची, घ्या. पदर उलटा करू नका. हातमागाच्या मोराला पाठ-पोट सारखंच असतं. सेमीच्या मोराच्या पाठीवर कापलेल्या धाग्यांची दाढी असते.

सर्वांत समाधान देणारी खरेदी लाकडी घाण्याच्या तेलाची. फक्त गणित करू नका. लिटरभर शेंगदाणा तेलाला साधारण अडीच किलो दाणे लागतात. दाणे किलोला १४० धरले तर दाण्यांचेच ३५० झाले. पेंड विकून पन्नास-साठ सुटतील, ते दळणात, विजेत आणि बाटलीत जातील. म्हणजे साडेतीनशेच्या खाली घाणेवाला देऊच शकत नाही. तुम्ही मात्र मॉलमधल्या रिफाइंडच्या पिशवीवरचा भाव त्याला दाखवा आणि “काहीतरी कमी करा हो, नेहमीचं गिऱ्हाईक आहे” म्हणा. पिशवीचा भाव करायला मॉलमध्ये कोणी भेटत नाही, इथे मालक समोरच बसलेला असतो.

तेल घरी आणल्यावर तळाशी गाळ बसेल. तेल दोन-तीन दिवस निवळू द्यायचं असतं, ते तुम्ही दिलेलं नसणार. वडे सोडल्यावर कढईत फेस येईल, कारण रिफाइंड करताना काढून टाकतात तो चिकटा यात तसाच असतो. दोन्हींबद्दल तक्रार जरूर करा, बाटली परत नेऊन चार गिऱ्हाइकांसमोर दाखवा. भावही तुम्हीच पाडलेला, फेसही तुम्हालाच नको. पुढच्या खेपेला तो तुम्हाला स्वच्छ, बिनफेसाचं आणि स्वस्त तेल देईल, घाण्याचंच म्हणून.