भडकपणाचं वावडं मला नाही

'साबर बोंडं' आणि 'दशावतार' या दोन चित्रपटांवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया झणझणीत असली तरी मुद्द्याला धरून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं की, 'साबर बोंडं'ला सनडान्स या अमेरिकी चित्रपट महोत्सवाचं पारितोषिक मिळालं म्हणून मी त्याचा संथपणा पोटात घातला आणि लोकांनी उचलून धरलेल्या 'दशावतार'ला मात्र भडक म्हणून नाक मुरडलं. वर, कोकणातलं दशावतारी नाटक मुळातच भडक असतं हे मला ठाऊक नसावं, असा टोलाही आहे.

पारितोषिकाचं आधी उरकतो. ते २०२५च्या जानेवारीत जाहीर झालं, चित्रपट इथे लागला १९ सप्टेंबरला, 'दशावतार'नंतर आठवड्याभराने. तोवर इतकं कौतुक कानावर आदळलं होतं की मी कपाळाला आठ्या घालूनच आत शिरलो.

दशावतारी नाटकाबद्दल मात्र तुम्ही बरोबर बोललात, आणि माझी तक्रार नेमकी तिथूनच सुरू होते. त्या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. नट उभ्या उभ्या संवाद रचतो, पेटी, मृदंग आणि झांज त्याचा अंदाज घेत साथ करतात. संकासूर हा राक्षस आला की तर विचारूच नका! हा सगळा भडकपणा नटाच्या अंगातून येतो. चित्रपटातला दशावतारी नट बाबुली मेस्त्री रंगमंचावर असतो ते प्रसंग म्हणूनच मला मनापासून आवडले. ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर त्या भूमिकेत काय ताकदीने उभे राहतात, हे मी लिहिलंही होतं. तुम्ही ते वाक्य गाळून पुढे गेलात. उत्तरार्धात त्यांच्या चेहऱ्यावर जे स्वच्छ दिसतंय तेच पार्श्वसंगीत पुन्हा सांगतं, आणि तेवढ्यावर भागलं नाही म्हणून एखादा संवाद तिसऱ्यांदा. चित्रपटातला खाणीविरुद्धचा संताप माझ्यापर्यंत पहिल्याच खेपेला पोचला होता. नंतरच्या दोन खेपांचं खापर दशावतारी परंपरेवर कशाला फोडायचं?

'साबर बोंडं'मध्ये पार्श्वसंगीतच नाही. वडील गेल्यावर दहा दिवस गावी राहिलेला आनंद, लग्नाचं काय म्हणून टोचणारे नातेवाईक, आणि त्याचा बालमित्र बाळ्या. 'काही घडतच नाही' असं तुम्ही म्हणता. नातेवाईक प्रश्न विचारतात तेव्हा आनंद आणि त्याची आई काय बोलतात, त्याहून काय बोलायचं टाळतात ते बघा. आनंद समलिंगी आहे हे आईला माहीत आहे, हे आपल्यालाही माहीत असतं, आणि उत्तराआधीचा तो थांबा थिएटरच्या शांततेत चांगलाच जड होतो. घरी, हातात फोन घेऊन बघताना हे निसटणार. मधले काही शॉट दिग्दर्शक रोहन कानवडे यांच्याकडून सुटता सुटले नाहीत, असं मलाही वाटलं. तिथे कात्री चालायला हवी होती.

'दशावतार' पुन्हा बघणार का, असं विचारलंत. बघेन, प्रभावळकरांसाठी. पण तुम्ही 'साबर बोंडं' मध्यंतरालाच सोडून आलात असं स्वतःच लिहिलंय, तेव्हा त्याच्या शेवटाबद्दलचं तुमचं मत मी तूर्त बाजूला ठेवतोय.