दुबार प्रत विकण्याआधी पानं मोजा

‘एकच अंक दोनदा मिळाला तर दुबार प्रत लगेच विकून टाका’ हा जुनी कॉमिक्स जमवण्यावरच्या एका लेखातला सल्ला ‘इंद्रजाल कॉमिक्स’ या जुन्या चित्रकथा-मालिकेच्या मराठी अंकांना तरी लावू नका. मी तेच केलं. वेताळाचा (म्हणजे ‘फँटम’ या नायकाचा) एक अंक फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर मिळाला, तोच पुन्हा रद्दीत. मुखपृष्ठ चकचकीत होतं तो ठेवला, दुसरा विकला. नंतर निवांत उघडला, तर पिना गंजून मधली चार पानं गळून गेलेली! विकलेल्या प्रतीत ती शाबूत होती. आजही जीव हळहळतो.

मालिका १९९० मध्येच बंद पडली, मराठी अंक सहजी सापडत नाहीत. आता पानं मोजल्याशिवाय मी अंक घेत नाही, देतही नाही. विकणाऱ्यांनीही मुखपृष्ठाआधी पिनांचा फोटो दाखवावा.